काळी मोजली, पांढरी राहिली : बारामती व इंदापूर येथील जुनीं घरें, त्यांची वहिवाट आणि नगरपालिकेचे नियम

१. पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगास बारामती व इंदापूर हे दोन जुने कसबे आहेत. पहिला कऱ्हेच्या कांठीं, दुसरा भीमा व नीरा यांच्या मधल्या कोरड्या पट्ट्यांत. इंदापूरच्या लढाईंत मालोजीराजे भोसले पडले व पुढें तो परगणा शहाजीराजांच्या मोकाशांत होता. बारामती ही नाईक जोशांची. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या भिऊबाई या घराण्यांत दिली होती. बाबूजी नाइकांचा वाडा अद्यापि उभा आहे. आणि त्यांच्याच आश्रयानें मोरोपंतांनीं तेथें सुमारें ४० वर्षें राहून १७९४ सालीं देह ठेविला. हा सर्व इतिहास वाचकांस विदित आहे. प्रस्तुत लेख वाड्यांविषयीं नसून वाड्यांच्या आसपास दाटीनें उभ्या असलेल्या तीनचार खणांच्या सामान्य घरांविषयीं आहे. त्यांच्या भिंती मातींत रचलेल्या, छपरें धाब्याचीं, ओटे गल्लीवर आलेले व मोऱ्या शेजाऱ्याच्या अंगणांतून वाहणाऱ्या अशी त्यांची स्थिति आहे.

२. पावसाळा तोंडावर आला म्हणजे अशा घरांच्या दारांवर नगरपालिकेच्या नोटिसा लागतात. घर धोकादायक आहे, उतरवून घ्या. ओटा रस्त्यावर आला आहे, काढून टाका. भिंत परवानगीवांचून बांधली आहे, कारण दाखवा. रहिवाशांची तक्रार थोडक्यांत सांगावयाची तर अशी कीं, पाडा म्हणून सांगणारे पुष्कळ, पण बांधूं देणारा कोणी नाहीं. ही तक्रार केवळ या दोन गांवांची नव्हे. महाराष्ट्रांतील बहुतेक जुन्या कसब्यांची व पेठांची आहे. परंतु तिचें मूळ शोधावयाचें असेल तर इंदापुराइतकें योग्य ठिकाण दुसरें नाहीं, असें आमचें मत आहे. कारण ज्या मोजणीनें मुंबई इलाख्यांतील जमिनीचे हक्क नकाशावर आणले, ती मोजणी येथेंच सुरू झाली. आणि गांवाच्या वेशीशीं येऊन थांबली तीही येथेंच.

३. आपल्या जुन्या कागदांत गांवाचे दोन भाग सांगितलेले असतात : काळी व पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. वस्तीवर पिढ्यान् पिढ्या राख, माती व पडक्या भिंतींचा चुरा सांचून तेथील भूमि पांढुरकी होते, यावरून हें नांव पडलें. पुढें जागेचें नांव तेथें राहणाऱ्या माणसांसही लागलें. महजरांत समस्त पांढरी साक्षीस उभी राहते ती याच अर्थानें. हा भेद लक्षांत ठेवला म्हणजे पुढील सर्व विवेचन सुलभ होईल.

४. इंग्रजी अमलाच्या आरंभीं रॉबर्ट प्रिंगल यांनीं पुणें जिल्ह्याची जी मोजणी व दरबंदी केली, तिचा परिणाम इंदापूर तालुक्यांत फार वाईट झाला. दर जमिनीच्या मगदुराशीं जुळेनात, खालच्या कामगारांनीं लबाड्या केल्या, जमिनी पडीक पडल्या, कुळें परागंदा झालीं. तेव्हां गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट या दोघांनीं १८३५ पासून हें काम पुन्हां हातीं घेतलें. प्रत्येक शेत निराळें मोजलें, त्यास नंबर दिला, हद्दीस दगड रोवले, मातीच्या खोलीवरून व जातीवरून तिची प्रत ठरविली आणि १८३६ पासून ३० वर्षांकरितां हलके दर बांधून दिले. हीच रीत १८४७ च्या संयुक्त अहवालानें इलाखाभर कायम झाली. आजचा सर्व्हे नंबर व सातबाराचा उतारा यांची वंशावळ मागें नेली तर ती इंदापूरच्या या कामापर्यंत जाऊन पोंचते.

५. पण ही मोजणी साऱ्याकरितां होती. पांढरीस सारा नव्हता. म्हणून गांवाच्या नकाशांत गांवठाण हा एक अखंड तुकडा दाखवून तो तसाच सोडला जाई. आंतील घर कोणाचें, बोळ किती हात, भिंत एकाची कीं दोघांची, यांपैकीं कशाचीच नोंद त्या नकाशावर नसे. काळीचा दगडन् दगड कागदावर आला, पांढरी मात्र पूर्वींच्याच व्यवस्थेवर राहिली. वस्तीची मोजणी करण्याची सोय १८६८ च्या कायद्यानें व पुढें १८७९ च्या जमीनमहसूल कायद्यानें झाली. परंतु ती शहरोशहरीं निरनिराळ्या काळीं व सावकाश अमलांत आली. खेड्यांचें गांवठाण तर आपल्या डोळ्यांदेखत मोजलें जात आहे. कऱ्हेच्याच वरच्या अंगास, पुरंदर तालुक्यांत, मल्हारगडाच्या पायथ्याच्या सोनोरी गांवीं विमानयंत्रानें गांवठाण मोजण्याचा पहिला प्रयोग झाला आणि २०२० सालीं केंद्रसरकारची स्वामित्व योजना निघाली. इंदापूरच्या काळीची मोजणी १८३६ सालची. खेड्यांच्या पांढरीची पाळी येण्यास त्यानंतर सुमारें १८० वर्षें लागलीं.

६. तर मग मधल्या काळांत आणि त्यापूर्वीं पांढरींत घराचा हक्क कशावर उभा होता? दोन गोष्टींवर : वहिवाटीवर व कागदावर. पेठ वसविणें, पेठेंत घरासाठीं जागा नेमून देणें हें शेटेमहाजनांचें काम असे. कसब्यांत पाटील, कुळकर्णी व गोत हे साक्षी असत. जागेचा तंटा पडला तर गोत जमे, जुने लोक सांगत, महजर होई. पुण्यासारख्या शहरांत हें काम कोतवालाकडे होतें. थोरल्या माधवरावांच्या काळीं कोतवालाचीं जीं कामें लावून दिलेलीं आढळतात, त्यांत भाव ठरविणें, शहरांत येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणें यांच्याबरोबरच रस्ते, गल्ल्या व घरें यांविषयींचे तंटे तोडणें हेंही एक होतें. म्हणजे वस्तीच्या बांधकामावर सरकारी देखरेख ही इंग्रजांनीं आणलेली नवी गोष्ट नव्हे. नवी झाली ती देखरेखीची कसोटी.

७. जुनी कसोटी काय होती हें धर्मशास्त्राच्या व अर्थशास्त्राच्या ग्रंथांवरून चांगलें कळतें. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत घरबांधणीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतर सोडावें, मोरी कशी व कोठें काढावी, पावसाचें पाणी दुसऱ्याच्या भिंतीवर पडूं नये म्हणून छप्पर कसें असावें, खिडकी कोठें नसावी, हें सर्व त्यांत दंडासह सांगितलें आहे. नागरिकाच्या प्रकरणांत गल्लींत केर टाकणारास एक अष्टमांश पण दंड, चिखलपाणी तुंबविणारास पाव पण व राजमार्गावर असेल तर याची दुप्पट, असा क्रम आहे. तेव्हां आमच्या पूर्वजांस नियम नको होते असें कोणीं म्हणूं नये.

८. पण या नियमांचा रोख कोणीकडे होता तें पाहावें. बृहस्पतीच्या व कात्यायनाच्या नांवानें धर्मनिबंधांत जीं वचनें येतात त्यांचें तात्पर्य असें : वस्ती झाल्या वेळेपासून घर, दार व दुकान यांचा जो उपभोग चालत आला तो मोडूं नये; परंतु मागाहून शेजाऱ्याच्या घरावर नजर पडेल अशी खिडकी किंवा त्याच्या अंगावर जाईल अशी मोरी नव्यानें काढूं नये; शौचकूप, चूल, खड्डा हीं दुसऱ्याच्या भिंतीपासून दोन अरत्नि दूर असावीं. म्हणजे मूळची मांडणी हा हक्क व नवा उपद्रव हा अपराध, अशी ही विभागणी आहे. इंग्रजी कायद्यांतही हें तत्त्व अगदींच नव्हतें असें नाहीं. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा १८९१ सालीं मुंबई इलाख्यास लागू झाला. उजेड, वारा, वाट व पाणी यांचा २० वर्षें अखंड, उघड व हक्कानें घेतलेला उपभोग त्यानें मान्य केला. पण तो शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधील दिवाणी हक्काचा कायदा आहे. नगरपालिकेच्या बांधकाम-परवानगीच्या टेबलावर तो सहसा येत नाहीं.

९. आतां नगरपालिकांकडे वळूं. १८५० च्या २६ व्या कायद्यानें ज्या गांवचे रहिवासी इच्छा दर्शवितील तेथें नगरसुधारणेची व्यवस्था करण्याची मोकळीक मिळाली. बारामती व इंदापूर या दोन्ही ठिकाणच्या नगरपालिका १८६५ च्या; म्हणजे आयुष्यानें त्या पुष्कळ मोठ्या शहरांच्या नगरपालिकांच्या बरोबरीच्या आहेत. त्यानंतर १८७३, १८८४ व १९०१ असे जिल्हा नगरपालिकांचे कायदे झाले, आणि बांधण्यापूर्वीं खबर देणें, रस्त्याची रेषा ठरविणें, रस्त्यावर आलेला भाग काढविणें हे अधिकार क्रमाक्रमानें स्पष्ट होत गेले. आजचा कायदा १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम. त्याच्या १८९ व्या कलमांत बांधकामाची परवानगी व १९५ व्या कलमांत धोकादायक इमारतींविषयींचे अधिकार आहेत. नगररचनेचा कायदा १९६६ चा, आणि राज्यांतील बहुतेक नगरपालिकांना एकच अशी विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे.

१०. या नियमावलींत दाट वस्तीकरितां निराळीं प्रमाणें दिलीं आहेत हें खरें. तरी एका नियमाचा हिशोब करून पाहावा. ४.५ मीटरांहून अरुंद अशा गल्लीवर नवें बांधकाम करावयाचें तर गल्लीच्या मध्यरेषेपासून २.२५ मीटर जागा सोडावी लागते. समजा, गल्ली २.५ मीटर रुंद आहे. मध्यापासून घराच्या भिंतीपर्यंत १.२५ मीटर झाले. उरलेला १ मीटर घराच्या जागेंतून द्यावा लागणार. घर दर्शनी ४ मीटर व खोल ६ मीटर असेल, तर २४ चौरस मीटरांपैकीं ४ गेले, म्हणजे सहावा हिस्सा. मागेंही तशीच गल्ली असली तर तिसरा हिस्सा गेला. मोठ्या वाड्याला हें सोसतें. तीन खणांच्या घराला सोसत नाहीं. बरें, जागा सोडली तरी शेजारचें घर जुन्याच रेषेवर उभें असल्यामुळें गल्ली रुंद होत नाहीं. फक्त एका घरापुरती खांच पडते, आणि तिच्यांत केर सांचतो.

११. येथें दुरुस्ती व पुनर्बांधणी यांमधील भेदानें आणखी एक पेंच उत्पन्न होतो. गिलावा करणें, फरशी घालणें, कौलें शाकारणें हें किरकोळ काम परवानगीवांचून करितां येतें. पण मातींत रचलेली भिंत फुगली म्हणजे तिला गिलाव्याचा काय उपयोग? ती उतरवूनच घ्यावी लागते. उतरविली कीं तें नवें बांधकाम ठरतें, आणि नवें म्हटलें कीं वर सांगितलेली रेषा लागू होते. म्हणून घरमालक भिंतीला टेकू देऊन वर्ष काढितो. पुढच्या वर्षीं पुन्हां नोटीस येते. त्यांत भाडेकरू असला तर गोष्ट आणखी बिकट. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा ज्या ज्या गांवीं लागू झाला तेथें १ सप्टेंबर १९४० रोजींचें भाडें हें प्रमाण धरलें गेलें. १९९९ च्या कायद्यानें दरसाल शेंकडा ४ वाढ दिली खरी, पण ती त्याच गोठलेल्या रकमेवर. एवढ्या भाड्यांत भिंत उभी राहत नाहीं; मालक दुरुस्ती टाळतो, भाडेकरू जागा सोडीत नाहीं, आणि नोटीस दोघांच्याही नांवें येते.

१२. रहिवाशांच्या मनांत सल राहतो तो आणखी एका कारणानें. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं झाला. ऊंस आला, बाजार वाढला, आणि पुढें गांवें पांढरीबाहेर पसरून काळीवर चढलीं. शेतांचे गुंठे पडले, परवानगीवांचून घरें उठलीं. असला विस्तार राज्यभर झाल्यामुळें २००१ सालीं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला व २०२१ सालीं त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढविण्यांत आली. या लोकांस घरें मिळालीं याचें वाईट वाटण्याचें कारण नाहीं. पण पांढरींतला माणूस विचारतो कीं, काळीवर नियम मोडून काल बांधलेलें घर नियमित होतें, आणि नियम जन्मण्यापूर्वीं आजोबांनीं बांधलेलें माझें घर अनियमित कसें? या प्रश्नाला सरळ उत्तर देणें कठीण आहे.

१३. यावर कोणी म्हणेल कीं, हें सर्व खरें असलें तरी पडकें घर माणसाला मारतें, आणि वहिवाट भिंतीला आधार देत नाहीं. हा आक्षेप रास्त आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजींच्या किल्लारीच्या भूकंपांत सुमारें ८,००० माणसें मेलीं, तीं बहुतांशीं अशाच दगडमातीच्या भिंतींखालीं व जड माळवदांखालीं. सप्टेंबर २०१९ मध्यें नाझरे धरणांतून पाणी सोडल्यामुळें कऱ्हेस पूर येऊन बारामतींतील नदीकांठच्या लोकांस हलवावें लागलें. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीनें इंदापूर तालुक्यास झोडपलें. मे २०२५ मध्यें तर पावसाळा लागण्यापूर्वींच दोन्ही तालुक्यांत असा पाऊस झाला कीं नीरा डाव्या कालव्यास भगदाड पडलें. ज्या प्रदेशांत पावसाची वाण म्हणून धाब्याचीं घरें बांधलीं, तेथें आतां एका रात्रींत धाबें भिजून खालीं येण्याइतका पाऊस पडतो. अशा वेळीं नगरपालिकेनें स्वस्थ बसावें असें म्हणणें म्हणजे निष्काळजीपणास शास्त्राधार देणें होय. आगीचा बंब गल्लींत शिरला पाहिजे हेंही खरें.

१४. परंतु नियम व त्याचा अंमल या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें पुण्याच्या इतिहासानें एकदां फार महाग शिकविलें आहे. मार्च १८९७ मध्यें प्लेगच्या बंदोबस्तासाठीं पुण्याच्या पेठांतून गोऱ्या शिपायांच्या टोळ्या घरोघर शिरूं लागल्या. रोगी निराळा ठेवावा, घर धुवून घ्यावें, हे हेतु वाईट नव्हते. पण माजघरांत व देवघरांत पलटणीचे बूट शिरले, सामान रस्त्यावर जळलें, विचारणा कोणाची झाली नाहीं. २२ जून रोजीं रँडवर गोळी झाडली गेली. पुढें पुष्कळ वर्षें आरोग्याच्या हिताच्या गोष्टीलाही लोक संशयानें पाहत राहिले.

१५. मनुस्मृतींत या संबंधीं एक विवेक आहे. संकट नसतां राजमार्गावर घाण टाकणारास दोन कार्षापण दंड व ती लगेच काढण्याची सक्ति सांगितली आहे. पण लगेच पुढें म्हटलें आहे कीं, आपद्ग्रस्त, वृद्ध, गर्भिणी व बालक यांस दंड नाहीं, त्यांस शब्दानें समज द्यावी व जागा स्वच्छ करवावी. नियम सर्वांस एकच. शिक्षा मात्र माणूस पाहून. आजच्या न्यायव्यवस्थेनेंही निराळ्या वाटेनें असाच विवेक सांगितला आहे. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें ठरवून दिलें कीं, बांधकाम पाडण्यापूर्वीं निदान १५ दिवसांची नोटीस द्यावी, म्हणणें ऐकून घ्यावें व सकारण हुकूम करावा. रस्ता, पदपथ, नदी अशा सार्वजनिक जागेवरील अनधिकृत बांधकामास हें संरक्षण नाहीं. तेव्हां जुन्या गल्लींतील ओट्यापुरता सर्व प्रश्न एकाच ठिकाणीं येऊन ठेपतो : ती जागा रस्त्याची कीं घराची?

१६. हा प्रश्न नकाशानें सुटत नाहीं, कारण तो घर उभें राहिल्यावर कित्येक पिढ्यांनीं काढलेला आहे. मोजणीदारानें त्या दिवशीं जें पाहिलें तें लिहिलें. मिळकत पत्रिकेवर बहुधा पणजोबांचें नांव असतें व वारसांची नोंद अर्धवट असते. प्रश्न सुटतो तो घराच्या जुन्या कागदांनीं. आणि आमच्या वाचकांचा या विषयाशीं संबंध येतो तो येथें. जुन्या घराचें खरेदीखत, गहाणखत किंवा भावाभावांचें वांटणीपत्र ज्यांनीं वाचलें असेल त्यांस ठाऊक आहे कीं, त्यांत चतुःसीमा असतात, जागा हातांत किंवा गजांत व इमारत खणांत सांगितलेली असते. भिंत निखालस कीं सामाईक, पन्हळीचें पाणी कोठें पडावें, मोरी कोणाच्या अंगणांतून जावी, बोळांतून जाण्यायेण्याचा हक्क कोणाचा, ओटा घरांत धरला कीं नाहीं, हें सर्व लिहिलेलें असतें. नगरपालिकेस जी माहिती हवी आणि नकाशांत जी नाहीं, ती नेमकी हीच.

१७. मग घरमालक हे कागद पुढें कां करीत नाहीं? कारण ते मोडींत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली. त्यानंतरच्या पिढीस आपल्या पेटींतला कागद वाचतां येत नाहीं. नोटीस काढणाऱ्या कारकुनासही येत नाहीं. वकिलांतही वाचणारे विरळा. पुरावा घरांत आहे, आणि घर पुराव्यावांचून पडतें, असा हा विलक्षण प्रकार आहे. घर उतरवितांना तुळया व दारें यांची किंमत ठरते, रुमाल रद्दींत जातो. हा मुलूख कागदाची किंमत ओळखत नाहीं असें मात्र नव्हे. याच भागांतील सुपें येथें मे १८७५ मध्यें कुणब्यांचा उठाव झाला, तेव्हां त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या घरांतील रोख्यांवर होता. ज्या कागदानें जमीन जाते तो कागद त्यांस चांगला कळत होता. ज्यानें घर राहतें तो मात्र त्यांच्या पणतवंडांस कळेनासा झाला आहे.

१८. येथें एक गोष्ट संग्राहकांपुढें स्पष्टपणें मांडणें अवश्य आहे. वाडा पडत आहे असें कळलें कीं आपल्यापैकीं पुष्कळ जण धांवत जातात व दप्तर विकत घेऊन किंवा मागून आणितात. राजवाड्यांनीं ज्या तळमळीनें गांवोगांव हिंडून कागद वांचविले त्याच तळमळीनें हें होत असतें, यांत संशय नाहीं. आणि त्यामुळें पुष्कळ साधनें वांचलीं. पण घराच्या हक्काच्या कागदांस ही रीत लावल्यानें उपकाराऐवजीं अपकार होतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत ९० वें कलम होतें कीं, ३० वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यांतून पुढें आला तर त्यावरील सही व लेखन खरें आहे असें न्यायालयास धरतां येईल. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हें तत्त्व त्यांत कायम आहे. लिहिणारा व साक्षीदार मरून शंभर वर्षें झालेल्या खतास दुसरा आधार तो कोणता? आणि हा लाभ मूळ कागदास आहे, सामान्यतः नकलेस नाहीं. कागद घरांतून निघून रद्दीवाल्याकडे गेला, तेथून संग्राहकाकडे आला, म्हणजे योग्य ताब्याची सांखळी तुटली. संग्राहकास एक सुरेख मोडी खत मिळालें. घरमालकाचा ओटा मात्र अतिक्रमण ठरला.

१९. म्हणून आमची सूचना अशी आहे. घराच्या हक्काचा कागद प्रथम जागेवरच वाचावा. त्याची बाळबोध नक्कल करावी, छायाचित्र घ्यावें, आणि मूळ कागद मालकाच्या हातीं परत द्यावा. चतुःसीमा, खण, मोरी, पन्हळ, बोळ व सामाईक भिंत यांची निराळी यादी करून द्यावी, म्हणजे त्यास किंवा त्याच्या वकिलास ती सुनावणीच्या वेळीं उपयोगी पडेल. घर ओलसर असेल, वाळवी लागली असेल, व मालकास कागद सांभाळणें अशक्य असेल, तरच तो संस्थेच्या दप्तरखान्यांत आणावा. पण तेव्हांही कोणाच्या घरांतून, कोणत्या दिवशीं, कोणत्या कारणानें व कोणते कागद आले याची यादी दोघांच्या सह्यांनिशीं करावी. ताबा सकारण व प्रामाणिक आहे हें दाखवितां आलें म्हणजे कायदा तो अयोग्य मानीत नाहीं. एक तासाचें हें काम आहे. तें न केल्यानें जें जातें तें पुढें कोणत्याही किंमतीला मिळत नाहीं.

२०. नगरपालिकांनींही दोन गोष्टी केल्या तर पुष्कळ कटुता टळेल. दाट वस्तींतील घरास नोटीस देतांना जुने दस्तऐवज दाखविण्याची संधि नोटिशींतच लिहून द्यावी. आणि घर उतरविण्यापूर्वीं त्याचा मोजून आराखडा काढून ठेवावा, म्हणजे उद्यां त्याच पायावर बांधण्याची परवानगी मागतांना मूळची रेषा कोणती होती याचा वाद राहणार नाहीं. पहिलीस खर्च मुळींच नाहीं. दुसरीस लागतो तो मोजणीदाराच्या एका दिवसाचा. जेथें खरोखरच आजउद्यां भिंत पडण्याचें भय आहे तेथें माणसें आधीं हलवावीं, याविषयीं दुमत नाहीं. पण माणूस हलविणें निराळें व त्याचा हक्क हलविणें निराळें.

२१. पुराच्या पाण्याखालीं गांवठाणें गेलेलीं इंदापूर तालुक्यानें पाहिलीं आहेत. उजनीचें धरण १९८० च्या सुमारास पुरें झालें, तेव्हां भीमेकांठची पळसदेवासारखीं गांवें उठून दुसरीकडे वसलीं. तेथें नव्या जागेस सरळ रस्ते व आंखीव फाळे मिळाले. पण जुन्या पांढरींतलें कोण कोठें राहत होतें, कोणाची वाट कोठून होती, हें आतां म्हाताऱ्यांच्या आठवणीपुरतें उरलें आहे. बारामतीची व इंदापूरची पांढरी अजून जाग्यावर आहे. ती पाण्यानें नव्हे तर एकेका नोटिशीनें व एकेका रद्दीच्या पोत्यानें कमी होत आहे. या दोन गांवांत व त्यांच्या आसपास मोडी जाणणारे आमचे जे सभासद आहेत, त्यांनीं येत्या वैशाखाच्या आंत, म्हणजे पावसाळ्यापूर्वींच्या नोटिसा निघण्याच्या अगोदर, आपापल्या आळींतील चार घरांच्या पेट्या तरी उघडवून पाहाव्या, मालकास त्याचा कागद वाचून दाखवावा, आणि नकलेची एक प्रत मंडळाकडे धाडावी, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.